पडणे आणि पाडणे : पेण-रोहे परिसरातील प्रसूतिविषयक शब्दांचा इतिहास

१

इतिहास कागदपत्रांच्या आधारे लिहावा असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मानवी जीवनाचे एक अंग असे आहे की, ज्याच्या वाट्यास कागद फारसा कधी आलाच नाही. गर्भ राहिल्यापासूनचे पहिले तीन-चार महिने आणि मूल जन्मल्यापासूनचा पहिला महिना, या दोन कालखंडांत घराघरांतून जे घडत आले त्याची नोंद ना वतनाच्या कागदांत आहे, ना देवस्थानाच्या हिशेबांत. गर्भ राहिला ही गोष्ट गुप्त ठेवावयाची, आणि तो गेला तर ती त्याहूनही गुप्त ठेवावयाची, असा लोकरीतीचा संकेत होता. बारशापूर्वी गेलेल्या मुलास नावच नसे; मग त्याची नोंद कोण व कशी करणार? अशा ठिकाणी इतिहासाच्या अभ्यासकाला एकच साधन उरते, ते म्हणजे त्या माणसांच्या तोंडचे शब्द. शब्द हा कागदापेक्षा अधिक टिकाऊ दस्तऐवज होय. मात्र तो वाचावयाचा म्हणजे त्याची पूर्वपीठिका तपासून पाहावी लागते.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या दोन तालुक्यांपुरती दृष्टी ठेवून हा प्रयत्न केला आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. पेण हे भोगावतीच्या काठचे, मिठागरांचे व पुढे गणेशमूर्तींमुळे सर्वत्र नावाजलेले गाव. रोहे हे कुंडलिकेच्या काठचे. दोन्ही ठिकाणी गावात पांढरपेशा वस्ती, खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात आगरी, आतील बाजूस कुणबी, आणि डोंगरउतारांवर कातकरी व ठाकूर अशी समाजरचना आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक खंडात कुलाब्याची आगरी, तसेच कातकरी व ठाकरी या बोलींची दखल घेतलेली आहे. पुढे १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी याच जिल्ह्यातील महाडच्या कुणबी बोलीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्वेक्षण प्रामुख्याने ध्वनी व रूपे यांचे होते. बाळंतिणीच्या खोलीतील शब्दसंपत्ती हा त्याचा विषय नव्हता.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी बोलींची शब्दसामग्री गोळा करीत असता एका आरोग्य केंद्रात थोडा वेळ बसण्याचा योग आला. तेथे आलेल्या एका गर्भवतीला छापील पत्रकावरील प्रश्न विचारले जात होते. पूर्वी गर्भपात झाला आहे काय, या प्रश्नाला तिने ठामपणे नाही म्हणून उत्तर दिले, आणि रकान्यात शून्य पडले. थोड्याच वेळाने ती सोबतच्या वृद्ध बाईशी बोलताना सहज म्हणून गेली की, मागच्या दोन खेपेला तिसऱ्याच महिन्यात पोट पडले होते. ती खोटे बोलली नव्हती. तिने काही पाडले नव्हते. जे झाले ते पडले होते. पत्रकाची भाषा आणि तिची भाषा यांत एका ऱ्हस्व-दीर्घाचे अंतर होते, आणि त्या अंतरात दोन गर्भांचा इतिहास नाहीसा झाला. ज्या स्त्रीचे पूर्वी दोनदा असे झाले आहे तिच्याकडे वैद्यकाने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, हे सांगावयास नको. तेव्हा हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे.

२

प्रथम एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रजननासंबंधी मराठीत शब्दांच्या दोन रांगा आहेत : एक गुरांसाठी, दुसरी माणसांसाठी. संस्कृत गर्भिणी या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने घासून-घासून आलेला गाभण हा शब्द गायीम्हशींच्या वाट्यास गेला. स्त्रीसाठी मात्र गरोदर, गर्भार, पोटुशी किंवा दोन जीवांची असे शब्द वापरावयाचे. गाय विते किंवा व्याते, स्त्री बाळंत होते. जन्मानंतर पडणाऱ्या वेष्टनाला गाईच्या बाबतीत जार म्हणतात, जो उघडच जरायु या शब्दाचा वंशज आहे. स्त्रीच्या बाबतीत तीच वार होते. या दोन रांगांची सरमिसळ केली तर ती शिवी ठरते.

या वाटणीत गुरांच्या पदरी एक शब्द असा पडला आहे की, ज्याला माणसांच्या रांगेत जोड नाही. तो म्हणजे गाभडणे. अपुऱ्या दिवसांत गाईचा गर्भ गेला म्हणजे गाय गाभडली, असे शेतकरी म्हणतो. हे एकपदी, अकर्मक क्रियापद आहे. त्यात कोणी काही केले असे सुचत नाही. गाईचा दोष नाही, धन्याचा नाही, कोणाचाच नाही. पाऊस पडावा, दूध नासावे, तशी ही घटना.

स्त्रीच्या बाबतीत मात्र असे निखळ क्रियापद भाषेने दिले नाही. तेथे गर्भ पडला, पोट पडले असे म्हणावे लागते. ही पडणे या धातूची योजना वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु मराठीत पडणेच्या शेजारी पाडणे उभे असते. मरणे-मारणे, टळणे-टाळणे, गळणे-गाळणे यांप्रमाणेच आद्य स्वर दीर्घ केला की आपोआप घडणारी क्रिया कोणीतरी घडविलेली होते. आगरी बोलीत दोन स्वरांमधल्या डकाराचा उच्चार रकाराकडे झुकतो आणि णकाराचा नकार होतो. तरीही हा दीर्घत्वाचा भेद तसाच राहतो, आणि त्यावाचून दुसरी खूण तेथेही नाही. तात्पर्य, आपल्या भाषेत गर्भ गेल्याचे सांगणारी स्त्री एका स्वरावर उभी असते. गाईवर कोणी संशय घेत नाही. बाईवर घेतला जातो, आणि तो घेण्याची सोय व्याकरणानेच करून ठेवली आहे.

३

जुन्या वैद्यकाची परिभाषा याबाबत अधिक काटेकोर होती. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेल्यास तो गर्भस्राव होय. त्यानंतर, म्हणजे गर्भाचे शरीर स्थिर झाल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात गेल्यास तो गर्भपात होय. भेद कालाचा आहे, आणि तो शरीराच्या अवस्थेवर बसविलेला आहे. याखेरीज संस्कृतात दुसराही एक भेद सहज उपलब्ध होता : पात म्हणजे पडणे आणि पातन म्हणजे पाडणे. मूळ धातूपासून एक शब्द, प्रयोजकापासून दुसरा. गर्भस्राव, गर्भपात आणि गर्भपातन अशा तीन स्वतंत्र संज्ञा त्यामुळे वैद्याच्या व धर्मशास्त्रकाराच्या हाताशी होत्या.

आधुनिक मराठीने या तिन्ही संज्ञांची जागा एकट्या गर्भपात या शब्दाला दिली. स्राव हा शब्द वैद्यांच्या पुस्तकांत राहिला. पातन जवळजवळ लोपला. आज दुसऱ्या महिन्यात आपोआप गेलेला गर्भ, पाचव्या महिन्यात आजाराने गेलेला गर्भ, रुग्णालयात कायदेशीर रीतीने केलेली सुटका, आणि चोरून केलेला अपराध, या चारही गोष्टींना गर्भपात म्हटले जाते. पात हे नाम कर्त्याचा पत्ता सांगत नाही. ज्या समाजात संशय आधीच तयार आहे, तेथे पत्ता नसलेले पत्र कोणाच्या दारी जाते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गर्भारपणाच्या आरंभीच्या इतर उपद्रवांचे शब्दही तपासून पाहण्यासारखे आहेत. डोहाळे हा शब्द दोहद या शब्दातून आला, आणि दोहदाचा संबंध आयुर्वेदातील दौर्हृद या कल्पनेशी जोडला जातो. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते व तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असतात, अशी ती सुंदर कल्पना. दोन जीवांची या बोलीतील प्रयोगाचे नातेही याच कल्पनेशी दिसते. परंतु या शब्दाच्या प्रेमळ छायेत एक धोका दडला आहे. उलट्या इतक्या होतात की पाणीही ठरत नाही, लघवी कमी होते, वजन उतरते, अशी अवस्था झाली तरी घरात म्हटले जाते की हिला डोहाळे कडक लागले. जो आजार आहे त्याला लाडाचे नाव मिळाले, की औषधाची वाट बंद होते.

दुसरा प्रयोग अंगावरून जाण्याचा. यात पांढरे जाणे, तांबडे जाणे, थोडे जाणे, ओघळ लागणे हे सर्व सामावते; ऐकणाऱ्याने खोदून विचारले तरच खुलासा होतो. लज्जेने निर्माण केलेला हा मोघम शब्द आहे. याच अंग शब्दापासून मराठीत अंगावर काढणे असा दुसरा वाक्प्रचार झाला आहे, ज्याचा अर्थ उपचाराविना दुखणे सोसणे. बाईच्या अंगावरून जाते आणि ती ते अंगावर काढते, हे दोन वाक्प्रचार एकत्र ठेवले म्हणजे आपल्या घरांतील स्त्रीआरोग्याचा बराच इतिहास त्यांत येतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र येथे भेद करणे प्राणरक्षणाचे काम आहे. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी साधारणतः दहांपैकी एक ते दोन पहिल्या काही महिन्यांत आपोआप संपतात, आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. आईने जिना चढला, पपई खाल्ली किंवा ओझे उचलले यांचा त्याच्याशी संबंध नसतो. परंतु शंभर गर्भधारणांमागे एक-दोन वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. या अस्थानी गर्भाचे पहिले लक्षणही पाळी चुकून थोडे अंगावरून जाणे हेच असते; पुढे एका कुशीत दुखणे, चक्कर आणि आतल्या आत रक्तस्राव. द्राक्षाच्या घडासारख्या पेशीजालाची वाढ होणारा द्राक्षगर्भही आरंभी असाच दिसतो. तीन वेगळ्या अवस्था, एकच शब्द. आणि त्यांपैकी एकीत काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो.

४

पडणे व पाडणे यांच्यातील संशय कायद्याने अधिक गडद केला. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने स्त्रीचा जीव वाचविण्याचा सद्हेतू वगळता गर्भ पाडणे हा अपराध ठरविला, आणि तो घडवून आणणारी स्त्री स्वतःही त्याच्या कक्षेत आली. कायदा पाडण्याला शिक्षा देत होता, पडण्याला नव्हे. परंतु चावडीवर दोहोंत भेद कोण करणार? विशेषतः विधवेच्या बाबतीत तो कोणी करीतच नसे. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते याच पार्श्वभूमीवर. तेथे येऊन गुप्तपणे बाळंत होण्याची मुभा विधवेला होती. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्याने जी चर्चा उठली, तिच्यातूनच ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुढे आला. या सर्व प्रकरणांत भाषेने पुरविलेले शब्द हत्या, पाप व पाडणे हे होते. आपोआप गेलेल्या गर्भाचे दुःख व्यक्त करणारा शब्द कोठेच दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला व तो १९७२ पासून अमलात आला. चोरून, अस्वच्छ हातांनी केलेल्या उपायांनी होणारे मृत्यू टाळणे हा त्याचा एक प्रमुख हेतू. मराठीत मात्र या कायद्याला नाव देताना पातन न घेता पात घेतला गेला, आणि दोन संज्ञांची एकजूट शासकीय कागदावर पक्की झाली. पुढे सोनोग्राफीचा दुरुपयोग होऊ लागल्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानास आळा घालणारे कायदे केले. ते आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर भिंतीभिंतींवर स्त्रीभ्रूणहत्येचे फलक लागले, आणि गर्भपात या शब्दाभोवती संशयाचे तिसरे कडे पडले. शहरात कायदेशीर सुटकेसाठी आलेली स्त्री जशी त्याने बिचकते, तशीच पेणच्या खारपट्ट्यातील तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव होऊन आलेली स्त्रीही बिचकते. दोघींच्या कागदावर शब्द एकच असतो.

५

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे नवजात अर्भकाकडे वळू. येथे शब्दांची दरिद्रता नाही. उलट समृद्धी आहे. नाळ, वार, चीक, टाळू, बाळसे, घुटी, धुरी, शेक, शेगडी, बाळंतविडा, सतवाशी मूल, अठवाशी मूल. एकट्या अंग धुण्याच्या क्रियेभोवती एक लहानसा कोश होईल. ही सर्व विद्या सुईणीची. सुईण हा शब्द सूति, सूतिका या कुळातील मानला जातो. चरकाच्या शारीरस्थानात सूतिकागारात कोणत्या स्त्रिया असाव्यात याचे वर्णन आहे. अनेक वेळा प्रसवलेल्या, प्रेमळ, कुशल व धीर देणाऱ्या अशा त्या असाव्यात. पेण-रोह्याकडील सुईण याच परंपरेतील. तिचे काम नाळ कापून संपत नसे. त्यानंतर कित्येक दिवस ती रोज येऊन आईला व मुलाला न्हाऊमाखू घाली, मूल पिते की नाही हे पाही, आणि घरातील पहिलटकरणीला पाजावयास शिकवी.

बाळंतपण या शब्दाची व्याप्ती येथे ध्यानात घ्यावी. अमक्या बाईने सुनेचे बाळंतपण केले, असे आपण म्हणतो. येथे बाळंतपण करणारी ही बाळंत होणारी नव्हे, तर तिची शुश्रूषा करणारी होय. आणि ते काही तासांचे नसून सव्वा महिन्याचे असते. शुश्रूषेची संपूर्ण कल्पना एका घरगुती शब्दात बसविलेली आहे. रुग्णालयीन मराठीने त्याच्या जागी प्रसूती हा शब्द आणला. तो एका घटनेचा वाचक आहे. प्रसूती झाली, दोन-तीन दिवसांनी घरी सोडले, प्रकरण मिटले. मात्र जन्मानंतरचा पहिला आठवडा हाच अर्भकाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा आठवडा असतो, आणि त्याचे बहुतेक दिवस या घटनेच्या बाहेर पडतात.

अर्थात सुईणीच्या विद्येचा केवळ गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्या अनेक रीती हितकारक होत्या : ऊब देणे, सतवाशी मुलाला कापसात गुंडाळून ठेवणे, आईला विश्रांती देणे. काही अपायकारक होत्या : पहिला चीक टाकून देऊन मध किंवा गुळाचे पाणी चाटवणे, जन्मताच अंग धुणे, कोंडलेल्या खोलीत धूर करणे. आणि एक प्राणघातक होती, ती म्हणजे हाती येईल त्या हत्याराने नाळ कापणे. त्यातून धनुर्वात होई. त्याची लक्षणे जन्मानंतर तिसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत, बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसतात. प्रथम मूल पिणे सोडते, मग जबडा आवळतो, अंग ताठते.

या जागी सटवाईचा विचार करावा लागतो. सटवी हे षष्ठीचे मराठी रूप. सहाव्या रात्री ती येऊन मुलाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते, म्हणून त्या रात्री दिवा विझू द्यावयाचा नाही, आणि मुलाजवळ कोणीतरी जागे राहावयाचे. १९३८ मध्ये मुद्रणरूपाने प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत जातहारिणींचे प्रकरण आहे. गर्भाच्या व अर्भकाच्या वयाप्रमाणे त्यांना हरण करणाऱ्या निरनिराळ्या शक्तींची तेथे वर्गवारी केलेली आहे. याकडे भाबडेपणा म्हणून पाहण्याचे कारण नाही. कोणत्या दिवशी किती मुले जातात याचे शतकानुशतकांचे निरीक्षण या वर्गवारीत व या जागरणात साठलेले असावे. निरीक्षण खरे होते. कारण चुकलेले होते. सटवाई रात्री येत नव्हती, ती पहिल्याच दिवशी विळ्याच्या पात्यावर बसून आलेली होती.

मुलांच्या नावांतही याच मृत्यूंची नोंद सापडते. ज्या घरी मुले जगत नसत तेथे पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असे ठेवीत. दैवाला ते मूल टाकाऊ वाटावे व त्याने ते नेऊ नये, हा हेतू. जुन्या नामावळ्यांत अशी नावे जेव्हा भेटतात तेव्हा प्रत्येक नावामागे एक-दोन निनावी भावंडे उभी असतात हे अभ्यासकाने विसरू नये. मूल मेले असे न म्हणता ते दगावले असे म्हणावयाचे. दगा कोणी दिला, हे मात्र भाषेने सांगितले नाही.

याच जिल्ह्यातील अलिबाग येथे पतीच्या नोकरीनिमित्त काही काळ राहिलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे आठवते. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवस जगला. बारशापूर्वीच तो गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य असते तर तो वाचता, ही जाणीव त्यांना वैद्यकाकडे नेण्यास कारण झाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी, बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्यांचा अंत झाला. त्या दहा दिवसांच्या मुलाची अन्य कोठे नोंद असो वा नसो, आपल्या वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

६

या घरगुती व्यवस्थेत शिक्षित परिचारिका केव्हा व कशी आली? १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. १८८६ मध्ये मुंबईत केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सेवासदन निघाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे व प्रसूतिसाहाय्याचे शिक्षण घेऊ लागल्या. बहुसंख्य हिंदू कुटुंबांत हे काम त्या वेळी हलके मानले जाई. बाळंतिणीचा विटाळ, रक्ताचा स्पर्श आणि परक्या घरी रात्रपाळी, ही तिन्ही बंधने ओलांडूनच त्या पहिल्या स्त्रिया पुढे आल्या. पेण-रोह्याकडून मुंबईचा मार्ग मात्र दीर्घकाळ धरमतर व नागोठणे यांच्या खाड्यांतून जाणारा होता. आपट्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ मध्ये. त्यामुळे शहरातील या सुधारणा येथवर पोचावयास वेळ लागणे ओघानेच आले.

रोह्याच्या बाबतीत एक नाते येथे नमूद करावेसे वाटते. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले. १९५३ मध्ये त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाई देशमुख त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या मंडळाने १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. ज्यांचे शिक्षण अर्धवट सुटले होते अशा विधवा, परित्यक्ता व गरजू स्त्रियांना परिचारिका, प्रसाविका, ग्रामसेविका अशा कामांसाठी पात्र करणे हा त्यांचा उद्देश होता. ज्या विधवेकडे पूर्वी संशयाने पाहिले जाई, तिच्याच हाती दुसऱ्यांचे बाळंतपण सोपविण्याची ही कल्पना लक्षणीय होय.

शासनाच्या ग्रामीण योजनांनी जुन्या सुईणीलाही शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. पण तिला नाव दिले दाई. हा शब्द फारसीतून आला, आणि मराठीत त्याचा रूढ अर्थ मूल सांभाळणारी, प्रसंगी दूध पाजणारी स्त्री असा होता. सुईणीला स्वतःच्या व्यवसायाचे नाव परके झाले. शिक्षित स्त्रीला परिचारिका म्हटले गेले. लोकांनी तो शब्द कागदावर ठेवून तोंडात नर्सबाई व सिस्टर हे शब्द घेतले. तरीही काम झाले. निर्जंतुक पाते, स्वच्छ दोरा, धुतलेले हात आणि गर्भवतीला दिलेली लस यांच्या बळावर भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सटवाईचे एक हत्यार तरी हिरावून घेतले गेले.

दुसरे पाऊल महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत पडले. त्याचा परिणाम मात्र रोह्याच्या पाड्यांपर्यंत आला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने १९९०च्या दशकात गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून अर्भकाची शुश्रूषा घरी करविली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या पद्धतीचे एक अंग भाषेचे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मूल पिणे सोडते, रडणे क्षीण होते, अंग थंड लागते, छाती आत ओढली जाते, अशा आईला दिसणाऱ्या व तिच्या शब्दांत सांगता येणाऱ्या खुणांवर तेथे रोगाची ओळख बसविलेली होती. २०११ पासून आशा कार्यकर्ती जन्मानंतर ठरावीक दिवशी घरी येऊन मुलाला तपासते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे ते दिवस आहेत. पाचवी, सहावी, बारावी व सव्वा महिना या जुन्या दिवसांशी ही मालिका ताडून पाहावी. सुईणीच्या फेऱ्या बंद झाल्याने जी जागा रिकामी पडली होती, तीच या फेऱ्यांनी भरून काढली आहे. आणि प्रसूतीचे पुन्हा बाळंतपण झाले आहे.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. गर्भारपणाचा आरंभ आणि अर्भकाचा पहिला महिना, या दोन्ही ठिकाणी आपल्या भाषेजवळ पूर्वी अधिक नेमके शब्द होते. अर्भकाच्या बाजूने बाळंतपण आकुंचित होऊन त्याची प्रसूती झाली. ती हानी घरी येणाऱ्या कार्यकर्तीने काही अंशी भरून काढली. गर्भाच्या बाजूने स्राव, पात व पातन यांचा एकच गर्भपात झाला. ही हानी अद्याप तशीच आहे. पहिली हानी भरून निघाली ती नवा संस्कृत शब्द घडवून नव्हे, तर आईच्या तोंडचे शब्द प्रमाण मानून, हेही विसरता कामा नये.

म्हणून येथे कोणतीही नवी परिभाषा सुचविण्याचा मानस नाही. पत्रकावरील एका प्रश्नाचे दोन प्रश्न करावेत, इतकीच सूचना आहे. प्रथम विचारावे, आतापर्यंत किती वेळा दिवस राहिले होते. आणि मग, त्यांतले कधी आपोआप पडले का. दवाखान्यात केलेली सुटका हा तिसरा प्रश्न स्वतंत्र ठेवावा. ज्यांना पारिभाषिक नोंद हवी असेल त्यांनी रकान्यात खुशाल गर्भस्राव लिहावे. विचारताना मात्र पडणे हेच क्रियापद वापरावे, आणि त्याचा आद्य स्वर ऱ्हस्व ठेवण्याची काळजी घ्यावी.

आरोग्य केंद्रातील त्या स्त्रीचा कागद सोबतच्या वृद्ध बाईनेच दुरुस्त करवून घेतला. ती उठून टेबलापाशी गेली आणि म्हणाली, बाई, हिने काही केले नाही, पण हिचे दोनदा पडले आहे. परिचारिकेने शून्य खोडून तेथे दोनाचा आकडा लिहिला.